घराण्याचा गोरेपणा

॥ श्री नरसिंह प्रसन्न ॥

परभणी, ११ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप आत्यास,
शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून तुला वाटेल, पोरीचा फोन बिघडला. फोन ठणठणीत आहे. पण तुझा फोन वाजला की आतोबा स्पीकर लावतात आणि आपलं बोलणं निम्मं राणीसावरगाव ऐकतं. म्हणून हा जुना मार्ग.

आमच्या कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं. बायोटेक्नॉलॉजीच्या पोरींनी आधी स्वतःचं रक्त द्यावं, असा मंजुषा मॅडमचा हुकूम. माझ्या रक्तात थॅलेसेमिया मायनर निघालं. घाबरू नकोस, मला त्याचा काही त्रास नाही. कामाला जुंपायला सून धडधाकट आहे. फक्त रक्त जन्मापासून थोडं कमी. आपलं घराणं पिढ्यानपिढ्या ज्याला गोरेपणा म्हणत मिरवत आलं, तो हाच. बाबांना सांगितलं तर ते अजून खानदानी रंगावरच अडून बसलेत.

आता मुद्द्याचं. हळदीची तारीख धरण्याआधी गोपाळचं रक्त तपासून घे. त्याची आई, म्हणजे तूच, माझ्या बापाची सख्खी बहीण, आणि तोही आपल्यासारखाच ‘गोरा’. मला गोपाळ आवडतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आवडतो म्हणूनच लिहितेय.

आतोबांना नमस्कार. तुझा माझ्यावरचा लोभ हे पत्र वाचून झाल्यावरही शिल्लक राहावा, ही विनंती.

तुझी,
शिवकन्या

॥ श्री ॥

राणीसावरगाव, २० फेब्रुवारी

चि. शिवकन्या हिस,
धुरपदाबाईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून इचारायला लागला, कोर्टाची नोटीस हाय का म्हणून. वाचल्यावर मला बी तसंच वाटलं.

आमच्या गोपाळचं रक्त बघायचंय म्हणतीस. बघ बाई. बैलबाजारात दात बघतेत, तसे त्याचे दात बी मोजून घे, एकदा चालवून बी बघ. पत्रिका जुळली. रक्तगट बी दोघांचा एकच हाय, गोपाळनं गेल्या साली रक्तदान केलं तवा कागद मिळालता. गटाला गट जुळला, आता अजून काय जुळवायचं ऱ्हायलं? भावाची पोर सून करून आणायचा रिवाज काही मी काढलेला न्हाई. मला बी माझ्या आत्याच्याच घरी दिलं. माझं काय वाकडं झालं? इतक्या पिढ्या कुणी तपासलं न्हाई तर रक्त चांगलं होतं, तू शिकलीस आन् नासलं.

तुझे आतोबा म्हणायलेत, पोरीच्या मनात दुसरा कुणी असंल तर तसं साफ सांगावं, रक्ताला कशाला मधी घालती. मी त्यांना गप केलं, पण माझ्या बी मनात ते आलंच.

बस्त्याला परभणीला येणार हाय, तवा तोंड दाखव. लोभ हाय तेवढा पुरे, वाढवायचं नंतर बघू.

तुझी खानदानी आत्या,
धुरपदा

॥ श्री नरसिंह प्रसन्न ॥

परभणी, २७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आतोबांना सांग, दुसरा कुणी नाही. असता तर सुईच्या टोचण्या खाण्यापेक्षा पळून जाणं सोपं होतं.

रक्तगट जुळला म्हणून तू पेढे वाटले नसशील, अशी आशा आहे. गट म्हणजे कुणाचं रक्त कुणाला चढतं एवढंच. मी म्हणतेय ते रक्त घडतं कसं त्याचं. नीट वाच, आतोबांना वाचून दाखवू नकोस.

आपल्या हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीच्या मधोमध एक बंद कोठी, आणि आत सगळ्या शरीराचा मूळ दस्त. तो बाहेर काढत नाहीत. सातबारा मूळ दप्तरात राहतो आणि आपल्या हातात नक्कल येते, तसंच तिथंही. पाहिजे तेवढ्या मजकुराची नक्कल बाहेर येते. बाहेर बसलेला कारागीर ती तीन-तीन अक्षरं वाचतो आणि दर तीन अक्षरांना एक मणी ओवतो. माळ पूर्ण झाली की ती स्वतःभोवती गुंडाळते आणि प्रथिन तयार होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन अशाच माळांचं असतं. अंगभर प्राणवायू तेच पोचवतं. मूळ दस्तात एखादं अक्षर चुकलेलं असलं की प्रत्येक नकलेत ते उतरतं. कधी त्या चुकीचा अर्थ ‘इथं थांब’ असा होतो आणि कारागीर माळ अर्धवट सोडून देतो. तो बिचारा लिहिलंय तसंच करतो, आपल्या घरातल्यांसारखा वाद घालत नाही.

या दस्ताच्या प्रती दोन, एक आईकडून, एक बापाकडून. माझी एक चुकलेली, एक बरोबर. बरोबरवर माझं भागतं. गोपाळचंही असंच असलं, तर आमच्या प्रत्येक लेकराला चारात एक धोका, की दोन्ही चुकलेल्या त्याच्याच वाट्याला येतील. तसं लेकरू जन्मतं चांगलं गुटगुटीत. मग काही महिन्यांनी पांढरंफटक पडतं, दूध ओढत नाही, पोट फुगत जातं. जगवायचं तर जन्मभर बाहेरचं रक्त. त्यात आईच्या दुधाचा, खाण्यापिण्याचा, कुणाच्या नजरेचा काहीही दोष नसतो.

दोघं तसे निघालो तरी लग्न करू नये असं मॅडम म्हणत नाहीत. दिवस गेल्यावर सुरुवातीलाच तपासता येतं. मी त्याला तयार आहे. फक्त ती तपासणी तुमच्या घराला झेपली पाहिजे.

राग आला असेल तर तो लोभाच्याच खात्यात धर.

तुझी,
शिवकन्या

॥ श्री ॥

राणीसावरगाव, १९ मार्च

चि. शिवकन्या हिस,
आत्याचे अ. उ. आ.

उशीर झाला. माझ्या अंगात येवढं दप्तर हाय आन् तिथं बी चूक हाय, हे कळल्यावर सावरायला येळ लागणारच.

पोखर्णीला नरसिंहाला जातो म्हणून सांगितलं आन् गोपाळला परभणीच्या दवाखान्यात नेलं. देवाच्या नावानं खोटं नको म्हणून येताना पोखर्णी बी केली. कागद आलाय. गोपाळचं तुझ्यासारखंच हाय, माझं बी. तुझ्या आतोबांचं काढलं न्हाई. ते राणीनं आदीच दाखवलंय.

राणी तुला ठाव न्हाई, तुझ्या जल्माआधीची. गोपाळच्या पाठीवरची न्हवं, त्याच्या आदीची माझी पोरगी. तू लिहिलंस तशीच पांढरी पडली, तसंच पोट फुगलं. दोन वर्सांची होऊन गेली. माझी सासू म्हंजे माझी सख्खी आत्या, जिच्या मांडीवर मी वाढले, ती मयतीला आलेल्या बायकांत म्हणली, हिचं दूधच इखारी. मी बी ते मानलं. गोपाळ झाला तवा त्याला पाजायला भ्याले, जाऊबाईच्या पदराखाली दिला. तुझी ती दुधाची ओळ वाचून मी इतकी रडले की ह्यांनी इचारलं, काय झालं. कांदा चिरायले म्हणलं. सैपाक तर कवाच झाला म्हणले.

ह्यांना कागद दाखवला. चारातले तीन चांगले म्हंजे पंचाहत्तर टक्के, आपल्या खानदानात येवढे मार्क कुणाला पडलेत, लग्न करून टाका म्हणले. मी म्हणलं, ऱ्हायलेल्या पंचवीस टक्क्यांना मी ह्या हातानं मातीत ठिवलंय.

तपासणीचं तू लिहिलंस ते खरं असंल. पण तिचा कागद वाईट आला, तर ह्या घरात तुला कोण काय बोलंल, ते मला आजच ऐकू येतंय. माझी आत्या वाईट न्हवती, पोरी. लय जीव होता तिचा माझ्यावर. सासू झाली आन् तोंडातून ते निघालं. माझं तोंड तर तिच्यापेक्षा तिखट.

म्हणून लग्न मी मोडलं. गावात सांगितलं, धुरपदाबाईला शिकलेली सून झेपणार न्हाई. लोक हसायलेत, हसू दे. गोपाळ माझ्याशी बोलंना. तुला बी माझा राग येईल, येऊ दे, तुझा हक्क हाय. तुमी दोघं मला शिव्या देऊन बी एकमेकाचं झालाव, तर मी आडवी येणार न्हाई, तपासणीला संगं येईन. पण माझ्या हातानं मी तुला ह्या घरात आणणार न्हाई. मला एक आत्या होती, ती सासू झाली आन् गेली. तुझी आत्या मी जाऊ देणार न्हाई.

रागाबरोबर थोडा लोभ बी ठिव.

तुझी आत्याच,
धुरपदा