कॉर्सीच्या टेकडीवरचा मणी

टिलीकर्न, ३ जून १९७९

ती. एफीताईस, धाकट्या वॉटीचा सा. न. वि. वि.

तुझ्या खोलीत सध्या मॉर्वेन लीस्क नावाची पुरातत्त्वाची मुलगी उतरली आहे. आपल्या कॉर्सीच्या टेकडीवरचा पिक्टांचा, म्हणजे इथल्या प्राचीन लोकांचा, गड ती विद्यापीठाची चार पोरं हाताशी घेऊन खणते आहे. ओटच्या लापशीत आपल्यासारखं मीठ न घालता साखर घालते, एवढं सोडलं तर पोर गुणी आहे. मी सांगेन ते सारं खरं धरते. उत्तरेच्या उतारावर विहीर कुठे बुजली, आजोबांनी तटाचे कोणते दगड उपसून शेताची भिंत रचली, सगळं मी दाखवलं आणि तिने नकाशावर मांडलं. ताई, जन्मात कोणी माझं बोलणं असं ऐकून घेतलं नव्हतं. तू तर नाहीच.

पण खणलेल्या चरातून जळके दगड आणि कोळसा यापलीकडे काही निघत नाही. तट आत लाकडं घालून बांधला होता आणि कोणीतरी तो पेटवून दिला, इतकं ती सांगते. आत कोण राहत होतं, याचा पत्ता नाही. काही हाती लागलं नाही तर विद्यापीठ महिनाअखेर काम बंद करणार. इकडे शेजारचा डॉड गुत्त्यात सांगत सुटलाय की वॉटीच्या टेकडीवर राजा नव्हता, मेंढ्या होत्या. लोक हसतात. मला ते फार लागतं.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तुमच्या बेटावरच्या वाऱ्यात तो उडू देऊ नकोस.

तुझा,
वॉटी

लर्विक, २७ जून

चि. वॉटीस, अ. आ.

वर्तमानपत्र बोटीने उशिरा येतं, पण आलं. चरात काचेचा मणी सापडला, काम चालू राहणार, आणि फोटोत डॉड तुझ्या खांद्यावर हात टाकून हसतोय. ह्यांनी तर ते पान शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवलं.

मग मी चष्मा लावून मण्याचा फोटो पाहिला. पांढरी वेटोळी, आणि भोकापाशी उडालेला टवका. आईचा सापाचा मणी तसाच होता. गाय आजारी पडली की तो बुडवलेलं पाणी तिला पाजायचं आणि मणी गळ्यात बांधायचा. गाठ मारताना तो टवका माझ्याच बोटाला लागायचा. वॉटी, स्वयंपाकघरातल्या कपाटात आईचा मणी आहे ना? बघ आणि कळव. आहे असं कळलं तर मी तुझी माफी मागेन, आणि ती मागायला मिळावी असं फार वाटतं.

काळजीत असलेली,
एफी

टिलीकर्न, ५ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गवत कापून झालं. काळी गाय व्याली, कालवड झाली. बटाट्याला थोडा पाऊस हवा.

कपाटात मणी नाही. मॉर्वेन आणि पोरं जेवायला खाली आली होती, तेव्हा मी तो चरात बोटाने दाबून ठेवला. जुना मणी जुन्या गडात ठेवला, त्यात कोणाचं काय बिघडलं, अशी मनाची समजूत घातली. तो सापडला तेव्हा ती रडली गं. पण आता तिने त्याच्यावर केवढं उभं केलंय बघ. मणी होता तिथे म्हणे सरदाराचं घर, आणि त्या घराचा दूर दक्षिणेशी व्यापार. सोळा तारखेच्या सोमवारी तिचे सर येणार, मग हे छापून येणार. सकाळी ती समोर बसून लापशी खाते आणि मला मान वर करवत नाही. लाज वाटते, ताई. कोणाला सांगू नकोस.

तुझा,
वॉटी

लर्विक, ९ जुलै

चि. वॉटीस, आशीर्वाद, या वेळी थोडे रागावून.

सर येण्याआधी तिला सांग. आणि तुला माहीत नाही तेही सांग. आईला तो मणी कॉर्सीवरच मिळाला होता, सशांनी उकरलेल्या मातीत, पूर्वेच्या तटाखाली. माझ्या लग्नाआधी तिने ती जागा दाखवून मला हे सांगितलं होतं. म्हणजे टेकडीची वस्तू तू टेकडीलाच दिलीस, फक्त खोट्या जागी. दोन्ही गोष्टी सांगितल्यास तर तिचंही नुकसान व्हायचं नाही.

भाऊ आहेस तो आहेसच.
एफी

टिलीकर्न, २० जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सांगितलं. गोठ्यात सांगितलं, कारण घरात धीर होईना. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं की याआधी मी जे जे दाखवलं त्यातलं खरं किती. मी म्हटलं, सगळं. मग आईचं सांगितलं, सशांचं, पूर्वेच्या तटाचं. ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "वॉटीकाका, माझा विश्वास बसतोय. पण तुमच्या घरातलं खरंसुद्धा आता मला लिहिता येणार नाही."

नकाशावरून विहीर गेली, आजोबांचे दगड गेले, मी सांगितलेलं सगळं गेलं. वाईट ती एक शब्द बोलली नाही. फक्त तुझी खोली सोडून गावात राहायला गेली.

विहिरीचं तिने मग डॉडला विचारलं. त्याने ऐटीत उत्तरेऐवजी पश्चिमेचा उतार दाखवला. मंगळवारपासून ती आणि तिची पोरं तिथे उन्हात खणताहेत. मी भिंतीशी उभा राहून बघतो. काल तिने मला पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा खणायला लागली.

लोभ ठेव.

तुझा,
वॉटी