सुट्टीऐवजी श्वास

पिंपळगाव, गुरुवार संध्याकाळ

घसा अजून चुरचुरतोय आणि डोकं त्याहून जास्त तापलंय. माझ्या शेजारी बसून पेटीत द्राक्षं भरणारी सबीहा, आई गेल्यापासून काम करता करता रडते. आईच्या चाळिसाव्यासाठी, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या विधीसाठी, तिनं रविवारची सुट्टी मागितली. आमचे पॅकिंगचे साहेब म्हणाले, सीझन आहे, जमणार नाही. आणि आज आमच्यासाठी ध्यान शिकवणारी ताई बोलावली. सुट्टी नाही, श्वास घ्या.

बसवलं तरी कुठं, तर पॅकिंगच्या हॉलमध्येच, द्राक्षं टिकावीत म्हणून पेटीत घालतात त्या गंधकाच्या कागदांच्या गठ्ठ्याशेजारी. ताई म्हणाली, "खोल श्वास घ्या," आणि सगळ्या बायका खोकायला लागल्या. साहेब केबिनच्या काचेआडून नुसते बघत होते.

ताई बिचारी भली. तिनं आम्हाला बाहेर कडुनिंबाखाली नेलं. पोटावर हात ठेवा, श्वास सावकाश सोडा, रडू आलं तर येऊ द्या. मी डोळे मिटून साहेबांना शिव्याच घालत होते. सबीहा मात्र हळूहळू निवली. खरंच निवली, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आता साहेब म्हणणार, बघा, झाली ना बरी?

बाहेर येऊन म्हणालेच. सबीहानं पोटावरचा हात काढला नाही. "हो साहेब, बरं वाटलं. इतके दिवस बोलायला गेले की रडूच यायचं. रविवारी अम्मीचा चाळिसावा हे. मी येणार नाय."

आणि गेली पेट्या भरायला.

रविवारी मीही तिच्याकडे जाणार. उद्या साहेबांना सांगेन. पोटावर हात ठेवूनच सांगावं लागेल, नाहीतर तोंडातून शिव्याच निघतील.