माझ्या आवाजातली वैष्णवी

६ जाने.
वैष्णवी सकाळच्या एसटीनं नरखेडहून आली. दोन वर्षं येतेय, एकदाही उशीर नाही. मुंबईची ऑडिशन तीन आठवड्यांवर. निवड झाली तर परदेशात शिकायला मिळेल, तेही फुकट. नाही झाली तर बी.एड., असं तिच्या बाबांनी सांगून ठेवलंय.
तिन्ही गाणी छान बसलीत. हुबेहूब माझा आवाज. जर्मनीत एकोणीस वर्षं ऑपेरात मेझो गायले, बायकांचा तो खालचा, भारदस्त आवाज. वाट्याला आल्या दाया नि चेटकिणी. हिला तरी एखादी राणी मिळो.
शेजारच्या काकू दारात. "ताई, कोणी रडून राहिलं का तुमच्या इथं?" बेसासारख्या वस्तीत ऑपेरा शिकवायचा म्हणजे हे चालायचंच.

९ जाने.
वै.चा घसा पुन्हा बसला. या महिनाभरात तिसऱ्यांदा. म्हणे बसमध्ये वारा लागला. स्कार्फ का बांधत नाहीस म्हणून झापलं, मग माझाच दिला.

१२ जाने., सोम.
वै.च्या घरी गेले, संत्र्यांची तोड बघायला. तिच्या आईनं पाटवडीचा रस्सा आग्रह करकरून वाढला. बाबा बागेच्या पार टोकाला. विहिरीपाशी उभी राहून वै.नं हाक मारली, "बाबाऽ, मोटर बंद करा नं!"
सबंध बाग ओलांडून गेला आवाज. उंच, स्वच्छ, ताण म्हणून नाही.
ही मेझो नाहीच. सोप्रानो आहे, सगळ्यात वरचा आवाज. आणि मी दोन वर्षं तिला खाली दाबून... घसा वाऱ्यानं बसत नव्हता. माझ्यामुळे बसत होता.

१३ जाने.
पियानोशी उभी केली, एकेक सूर वर नेला. सहज गेली, वर हसलीसुद्धा.
"तुझा आवाज खालचा नाही, वरचा आहे. तुले ठाऊक होतं?"
"हो मॅडम. गोठ्यात एकटी असली का असंच गाते."
"मग काहून नाही सांगितलं?"
"मले तुमच्यासारखं गायचं होतं."
फार लाज वाटली. आनंदही झाला, आणि त्या आनंदाचीच जास्त लाज वाटतेय.

१५ जाने.
जुनी गाणी गायली तर निवड होईलही. मग तिकडेही खालचाच आवाज घोटून घेतील आणि पोरीचा गळा कायमचा जाईल. वरची गाणी घ्यावीत तर दहा-बारा दिवसांत काय कप्पाळ होणार!
तिच्या बाबांना फोन केला. चूक माझी आहे, स्पष्ट सांगितलं. मग म्हणाले, "तुमाले ठीक वाटते ते करा मॅडम. पण पोरगी कालपासून जेवून नाही राहिली."
मीही कुठे धड जेवलेय.

१७ जाने.
वै. आली. डोळे सुजलेले, डब्यात तिळाच्या पोळ्या. आधी दोघींनी दोन-दोन खाल्ल्या.
मग नवी गाणी पुढ्यात ठेवली. म्हटलं, मुंबईला जायचं की नाही ते तू ठरव. पण जुनी गायची नाहीत, आणि माझ्यासारखं तर मुळीच नाही.
पानं उलटत राहिली. मग अगदी हळू, "मग कोणासारखं गाऊ मॅडम?"
चार मोठ्या गायिकांची नावं जिभेवर आली. गिळली. सूर दिला आणि खिडकीकडे तोंड करून बसले, म्हणजे माझ्या ओठांकडे बघून तिला गाता येणार नाही.