मागे झुकलेली सीट

मंगळवार, मे

गाडीचं अ‍ॅव्हरेज पारच पडलं. एअर फिल्टर बदलला, टायरची हवा तपासली. पंपवाला माप मारतो म्हणून पंपही बदलला. तरी तेच!

आज सकाळी पाहिलं तर किलोमीटर कालचेच, पेट्रोलचा काटा मात्र खाली. आणि सीट मागे झुकलेली. मी ऑफिसला जातो मेट्रोने, मग सीट काहून मागे? शेजाऱ्याचाच संशय आला. दुपारीच घरी परतलो.

कडुनिंबाखाली गाडी सुरू. झुकलेल्या सीटवर बायको गाढ झोपलेली. बाजूला आई! 'एसीनं हाडं दुखतात' म्हणून आईनंच घरात एसी घेऊ दिला नाही.

मी दार उघडलं. आई डोळे न उघडताच म्हणाली, "दार लाव गा, थंडी हवा जाऊन राहिली."