डोळे मिटून वाचलेली शेवटची ओळ

ती. दाजी,

तुम्हाला आणि ताईला नमस्कार. तुमचा गुडघा बरा आणि रागाचा पारा खाली असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत. माझ्या डोळ्यांचं तेवढं पुराण आहे, ते ऐका.

साखरेच्या डॉक्टरांनी मला डोळे तपासायला पाठवलं. म्हटलं, पाट्या रंगवणाऱ्याच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? शिवाय त्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता मीच रंगवलेला (अजून टवका उडालेला नाही!). डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवा डोळा झाका. झाकला. मग म्हणाल्या, आता डावा. तोही झाकला, उजवा उघडायचा राहूनच गेला आणि त्या भरात शेवटची, मुंगीएवढी ओळ घडाघडा म्हणून दाखवली. बाईंनी माझे दोन्ही हात धरून खाली घेतले.

मग त्यांनी थेंब घातले. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या, की खिडकीतलं ऊन थेट मेंदूत शिरलं. यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्याच्या आतला फोटो काढला. दाजी, काय सांगू! केशरी गोल, त्यावर लाल शिरांच्या फांद्या आणि मधूनमधून बारीक लाल ठिपके, पिवळट डाग. मी विचारलं, हा रंग कुणी ठिबकवला? म्हणाल्या, तुमच्या साखरेनं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली, की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, फुगतात, झिरपतात. दुखत नाही, खुपत नाही, सुरुवातीला नजरही कमी होत नाही. मी प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटलो (मागचे पेशंट खाकरायला लागले). बाई म्हणाल्या, तक्ता वाचता आला म्हणजे आत आलबेल आहे असं नाही, म्हणून दरवर्षी आत डोकावायचं. माझं लवकर सापडलं. साखर आणि ब्लडप्रेशर ताब्यात ठेवलं, तर ब्रश हातात राहील अशी आशा आहे.

बाईंनी घरी जायला सांगितलं होतं. मी गेलो दंतवैद्याची पाटी पुरी करायला. थेंबांमुळे जवळचं काही दिसेना. पाटीवर दात कमी आणि भिंतीवर जास्त उगवले.

आपला,
ताईचा भाऊ, म्हणजे तुमचा नाइलाज

ता. क. तुम्ही म्हणाल, मी अजून चष्म्याशिवाय पेपर वाचतो. मीही असंच काहीबाही म्हणत होतो.

आणखी एक. ताईचा फोन आला होता. हल्ली तुम्ही पाणी ग्लासाच्या शेजारी ओतता आणि ग्लासच सरकला म्हणून हसता म्हणे. ती हसत नव्हती, रडत होती. मलाही तुमची भीती वाटतेय, दाजी. मी बाईंकडे तुमच्यासाठी सोमवारचा नंबर मागितला. तुमची साखर माझ्याहून जुनी, डोळे एकदाही तपासलेले नाहीत, हे ऐकून त्या म्हणाल्या, सोमवार कशाला, आजच आणा. हे पत्र देणारा रिक्षावाला दारात थांबलाय. तुम्हाला घेतल्याशिवाय तो हलणार नाही.