माझ्या वजनाइतकी रुई

सर, परवा कॉलेजातून फोन आला होता. क्रीडा विभागात तुमच्या खुर्चीवर आता एक तरुण मॅडम आहेत, बोलायला गोड. कॉलेजची स्मरणिका निघते आहे, तिच्यात अष्टपैलू खेळाडूच्या पुरस्काराचा इतिहास हवा, आणि तो मीच लिहावा असं सगळ्यांचं मत पडलं म्हणे. "खरी परंपरा तुमच्यापासूनच तर सुरू झाली ना, मॅडम," असं त्या म्हणाल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी हो म्हटलं. फोन ठेवून लिहायला बसले, तर कागदावर पहिला शब्द पडला तो 'सर'. म्हणून आधी तुमच्याशी भांडून घेते, स्मरणिकेचं नंतर बघू. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की उलट उत्तर दिलं असं आता कुणी म्हणणार नाही.

इतिहास तसा मजेचा आहे आणि त्यातली मजा सगळी तुमची, हे मान्य करते. तुम्ही नवे नवे नोकरीला लागलात तेव्हा कॉलेजात साधा कप घ्यायची ऐपत नव्हती. तुम्ही गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या शेठकडे गेलात. शेठ म्हणाले, माझ्याकडे कप नाही, कापूस आहे. तुम्ही म्हणालात, मग कापूसच द्या, खेळाडूच्या वजनाइतका. त्या दिवसापासून धावणं, उडी, फेक आणि कबड्डी नाहीतर खो-खो, या सगळ्यांत मिळून जो पुढे असेल त्याला जिनातल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात बसवायचं आणि दुसऱ्यात सरकी काढलेली रुई टाकायची, अशी रीतच पडली. सगळं कॉलेज बघायला लोटायचं. पहिलाच मानकरी निघाला पहिलवान. रुई पुरेना, पारडं उठेना. शेठ घाम पुसत म्हणाले, "सर, पुढच्या साली जरा बारीक पोरगं पाहा." पुढे पुढे मुलं पोटभर पाणी पिऊन यायची, खिशात दगड भरून यायची. तुम्हाला सगळं दिसायचं. कुणी तक्रार केली की तुम्ही म्हणायचात, "दगडबी त्यानंच उचलून आनले ना? तोबी खेळच आहे." असे होता तुम्ही तेव्हा. त्या माणसावर मी आजही चिडू शकत नाही.

त्याच जिनात माझी आई होती. कापसातला कचरा वेचायच्या कामावर. संध्याकाळी घरी आली की केसांत, भुवयांत, कानांतसुद्धा तंतू. रात्रभर खोकायची. आणि झोपायची कशावर, तर सारवलेल्या जमिनीवर टाकलेल्या गोधडीवर. आमच्या घरात सगळेच तसे झोपायचे. आख्खा जन्म कापसात गेला आणि अंगाखाली कापूस नाही, हे तिला कधी खटकलं की नाही मला माहीत नाही. मला खटकायचं. मला ते फार खटकायचं, आणि ते मला तुमच्याच घरी कळलं होतं.

सकाळचा सराव संपला की तुम्ही मला घरी न्यायचात. स्वयंपाकघरात काकू चुलीपाशी बसून भाकरी थापायच्या, ताटात वरण, वर ठेचा, आणि "अजून घे वं माय, पळाले जोर कुठून येईन तुले" म्हणत अर्धी भाकरी वाढायच्या. पलीकडच्या खोलीत भिंतीशी गाद्यांची चळत होती, वर फुलाफुलांची चादर. एकदा तापात सरावाला आले म्हणून तुम्ही मला रागावलात आणि काकूंनी त्यातली एक गादी ओढून मला झोपवलं. सर, मी गादीवर पहिल्यांदा झोपले ती तुमच्या घरी. पाठीला काहीच टोचत नव्हतं. उठले तेव्हा ऊन भिंतीवरून खाली आलं होतं, काकू दारात गहू निवडत होत्या, आणि मला तिथून उठावंसंच वाटत नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की तराजूत बसायचं. त्याआधी कधी कुणी मुलगी त्यात बसली नव्हती. मुलींना पुरस्कार नाही असा नियम नव्हता, फक्त कुणाला सुचलं नव्हतं. मी म्हटलं तेव्हा तुम्हाला आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू. दोन वर्षं तुम्ही मला घामाघूम केलंत. बांबू आडवे बांधून अडथळे शिकवलेत, भाला हातातून सुटेपर्यंत ओरडलात. "वजन वाढव, पोरी, नाहीतर शेठले लय सस्त्यात पडशीन," म्हणून चिडवायचात.

मी जिंकले ते साल कापसाचं वाईट साल होतं. जिन महिन्यातले थोडेच दिवस चालायचं, आईला काम असलं तर असलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पेपरात रोज आपल्या जिल्ह्याचं नाव, मुंबई-दिल्लीचे पाहुणे येऊन फोटो काढून जायचे. तरी शेठने शब्द पाळला. मी पाणी पिऊन, ओढणीच्या गाठीत दगड बांधून पारड्यात बसले. समोर जिनातल्या बाया उभ्या होत्या, त्यांत आई. पारडं जरासं अडलं तेव्हा शेठ तिला म्हणाले, "टाका बाई, तुमचीच पोरगी आहे." आईने दोन्ही हातांनी रुई उचलली आणि पारड्यात ठेवली. टाकली नाही, ठेवली. पारडं हललं आणि मी वर उचलले गेले. गल्लीतल्या पिंजाऱ्याला आईने सकाळीच सांगून ठेवलं होतं, गाद्या भरायच्या आहेत म्हणून. पहिली गादी आईची, मग भावांच्या, उरेल ती विकायची. सगळं ठरलं होतं.

आणि तुम्ही माईक हातात घेतलात. "आपल्या या गुणी खेळाडूने," तुम्ही म्हणालात, "आज आपल्या वजनाइतकी रुई संकटातल्या शेतकऱ्यांच्या मदतनिधीला अर्पण केली आहे." मी अजून पारड्यात बसलेली होते, सर. पाय अधांतरी होते. टाळ्या सुरू झाल्या, थांबेनात. कुणीतरी हार घातला. मी आईकडे पाहिलं. ती आधी नुसती बघत राहिली, मग शेजारणीने कोपर मारलं तशी तीही टाळ्या वाजवू लागली. हातांना चिकटलेला कापूस उडत होता. संध्याकाळी पिंजारी दारात आला, तेव्हा त्याला परत पाठवायला तुम्ही नव्हता. मी होते.

दुसऱ्या दिवशी तुमच्या खोलीत आले होते मी, आठवतं? एवढंच म्हटलं की सर, मला विचारायचं तरी. तुम्ही रजिस्टरमधून मान वर केलीत. "येवढी मोठी खेळाडू अन् गादीसाठी रडून राह्यली? गावोगावी मानसं मरून राह्यले, अन् तुले गादी पायजे?" माणसं मरत होती हे खरंच होतं. त्या वाक्यापुढे माझी गादी इतकी क्षुद्र झाली की मला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती लाज मी वर्षानुवर्षं वागवली. आज म्हणते, सर, तुमच्या खोलीतली गाद्यांची चळत का नाही अर्पण केलीत? त्यातली एक तरी? गरिबांसाठी द्यायला तुम्हाला जिनातल्या मजुरणीच्या पोरीचीच रुई सापडली? आयजीच्या जिवावर बायजी उदार!

वर मला प्रमाणपत्र दिलंत. त्यावर सुरेख अक्षरात 'त्यागमूर्ती'. वर्गातली पोरं म्हणायची, ए त्यागमूर्ती, तुझा डबा अर्पण कर. हे मी हसून घालवलं. पण पुढच्या वर्षी जो जिंकला त्याच्यापुढे तुम्ही माझं उदाहरण ठेवलंत. त्याच्या पुढच्यापुढेही तेच. त्या जिंकलेल्यांतलाच राजूरचा एक मुलगा होता, कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा. दिग्रसच्या स्टँडवर भेटला तेव्हा नमस्कार नाही, काही नाही, सरळ म्हणाला, "तुह्यापायी गेलं माह्यं. तू कायले दानशूर झालती?" बस लागली, तो चढून गेला. कापसाचे भाव सावरले, निधी बंद पडला, जिन दुसऱ्या मालकाकडे गेलं, तुम्ही गेलात. तरी दरवर्षी पोरं पारड्यात बसतात, रुई दुसऱ्याच कुठल्यातरी संस्थेला जाते आणि माझी गोष्ट माईकवरून सांगितली जाते. याला परंपरा म्हणतात.

रुईत कुणी हात मारला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मारला असता तर चिडणं सोपं झालं असतं. तुम्ही सरळ माणूस होता, म्हणूनच जास्त राग येतो. इतकी वर्षं मी म्हणत आले की विचारलं असतं तर मी आनंदाने दिली असती. लोकांना हे ऐकायला आवडतं. पण विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, सर. तुम्हाला ते ठाऊक होतं. म्हणूनच तुम्ही विचारलं नाहीत.

पत्र इथवर लिहून ठेवून दिलं होतं, तर काल संध्याकाळी आणखी एक फोन आला. यंदा जिंकलेल्या मुलीचा. नंबर मॅडमकडून मागून घेतला म्हणाली. धाप लागल्यासारखी बोलत होती. "ताई, एक इचारू? तुमी तवा ते रुई सोताहून देल्ली होती का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "नाही. माझ्याकडून घेतली होती." मग मी म्हणणार होते, तू देऊ नकोस, सरळ घरी ने. जिभेवर आलं होतं. पण मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? म्हणून विचारलं, "तुला काय करायचं आहे त्या रुईचं?"

"मले त इकाची आहे," ती एका दमात म्हणाली. "स्पाइकचे बूट घेतो म्हन्तो. घरी म्हन्तात मायले लुगडं घे, पन मले बूटच पायजे." आणि घाबरून, "वाईट दिसन का, ताई?"

मी म्हटलं, अजिबात नाही. तिच्या मॅडमना फोन करून तिची रुई तिलाच द्या हेही सांगितलं. इतिहासाचा लेख सकाळी लिहून पाठवला, छोटासा आहे. त्यात पहिलवान आहे, शेठ आहेत, खिशातले दगड आहेत, आणि माझ्या सालापुढे एवढंच आहे की त्या वर्षी खेळाडूला न विचारता तिची रुई दिली गेली. छापतील की नाही त्यांचं ते जाणोत.

हे पत्र मात्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे एक दुरुस्ती करते. ती मुलगी तिच्या बुटांबद्दल बोलली तेव्हापासून मनात आहे. वर मी लिहिलं की पहिली गादी आईची ठरली होती. आईच्या मनात तसं असेल. मी सगळ्यांना हेच सांगत आले, तुमच्याशी भांडतानाही आईलाच पुढे केलं, कारण स्वतःसाठी काही मागणं वाईट दिसतं हे तुमच्याकडूनच शिकले. खरं असं आहे, सर, की पिंजाऱ्याला मी गुपचूप जाऊन वेगळं सांगून आले होते. पहिली गादी माझी होती.