एका युनिटमध्ये नऊ किलोमीटर

खारघर, गुरुवार

प्रिय कुंदन,

ताईचं पत्र बघून तुला हसू येईल. करावे ते खारघर जायला तुझ्या गाडीला किती युनिट लागतात हे तू झोपेतसुद्धा सांगशील, आणि मी एवढ्याशा अंतरासाठी कागद-पेन घेऊन बसलेय. पण तुझा फोन कायम गाडीला जोडलेला. मी हॅलो म्हटलं की अख्ख्या गाडीत माझाच आवाज, आणि गाडीत शेजारी कोण बसलंय ते मला दिसत नाही. मेसेज केला तर तो गाडी मोठ्याने वाचून दाखवते, हे तूच कौतुकाने सांगितलं होतंस. समोर येऊन बोलायचं तर मी भांडणार आणि तू विषय बदलणार. म्हणून हे पत्र. एकटा असशील तेव्हा वाच.

आधी भांडण उरकून घेते. तुझ्या त्या ॲव्हरेजपायी होळीपासून आमच्या घराची पार वाट लागली आहे. दसऱ्याला तू आणि तुझे दाजी एकाच शोरूममध्ये गेलात, एकच मॉडेल उचललंत, रंगसुद्धा एकच, कारण जोडीने घेतलं तर सीट कव्हर फुकट मिळत होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की पुढे काय वाढून ठेवलंय. मग तुम्ही दोघं त्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या ग्रुपवर गेलात आणि आमच्या जेवणाच्या ताटावर स्क्रीनशॉट येऊ लागले. द्रोणागिरीचा एक गृहस्थ रोज सकाळी टायरमधली हवा मोजून टाकतो. दुसरा एक जण पेट्रोलची गाडी असती तर किती गेले असते याचा हिशेब लिहितो, आणि तिसरा लगेच त्याला विचारतो की पाच वर्षांनी ही गाडी विकायला काढलीस तर घेणार कोण. कंपनी सांगते तेवढी रेंज कोणालाच मिळत नाही यावर सगळ्यांचं एकमत, आणि शेजाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त मिळते यावरही एकमत. मी भाजी वाढत असते आणि विश्वजित मला सांगत असतात की ऐरोलीच्या कोणालातरी आज युनिटला सात पॉइंट एक पडलं.

तोपर्यंत ठीक होतं, कारण त्या ग्रुपवर सगळ्यात शेवटचा नंबर तुझा असायचा. युनिटला सहा किलोमीटरच्या वर तुझी गाडी कधी गेली नाही. जाणार कशी. पामबीचवर तू गाडी चालवत नाहीस, पळवतोस. तुझ्या चलनांचे मेसेज अजूनही बाबांच्या जुन्या नंबरवर येतात, आणि तो फोन माझ्या कपाटात आहे. दाजी तुझा आकडा बघून हसायचे, सुखाने दोन घास जास्त जेवायचे. आणि होळी झाल्यावर एका मंगळवारी तू टाकलंस, नऊ. पुढच्या मंगळवारी आठ पॉइंट नऊ. परत नऊ. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याची झोप उडाली.

मग आमच्यावर प्रयोग सुरू झाले. एप्रिल महिन्यात एसी बंद. आमचा स्वराज शाळेत पोचायचा तेव्हा त्याचा शर्ट पिळून काढावा असा. सासूबाई मागच्या सीटवर डोक्यावर ओला रुमाल टाकून बसायच्या आणि म्हणायच्या, ह्याच्यापरीस मार्केटचा टेम्पो बरा व्हता, निदान वारं तरी लागायचं. डिकीतून छत्री काढली, पाण्याच्या बाटल्या काढल्या, माझी योगाची चटई काढली. एकदा मी तांदळाची पिशवी घेऊन आले तर म्हणाले, घरपोच मागवायची ना, उगाच वजन. हायवेला डाव्या लेनमधून पन्नासच्या वर जायचं नाही. मागे कंटेनरवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला आणि हे स्क्रीनकडे बघून खूश. इतकं करून आकडा आला सात पॉइंट चार. मला घामोळं आलं ते वेगळंच.

आकडा पुढे सरकेना तेव्हा दाजींनी ठरवलं की तू फेकतोस. बेलापूरच्या पुलावर चढून मीटर शून्य करतोस आणि उतारावरचा आकडा टाकतोस, असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं. ते चुकलं त्यांचं. मी त्याच दिवशी त्यांना सुनावलं होतं, कारण माझा भाऊ खोटं बोलत नाही. निदान मीटरच्या बाबतीत बोलत नाही. तू भडकलास आणि पुरावा म्हणून अख्ख्या डॅशबोर्डचा फोटो टाकलास. एसी बंद. अंतर चौदा किलोमीटर. सरासरी वेग सव्वीस. आणि ते पाय उचलल्यावर गाडी मागून कोणीतरी धरल्यासारखी हळू होते आणि बॅटरी थोडी भरते ना, ते तू शून्यावर ठेवलेलं. ग्रुपवर सगळे तुटून पडले. कोणी म्हणे ते तीनवर ठेवलं तरच फायदा, कोणी म्हणे शून्यावर गाडी घरंगळत जाते म्हणून जास्त जाते. दाजींना त्यात युक्ती दिसली. मला त्या फोटोत माझा भाऊ कुठे दिसेना.

तू एसीशिवाय बसूच शकत नाहीस रे. थंडीतसुद्धा तुमच्या खोलीत अठरा, आणि बिचारी प्रिया दोन पांघरुणं घेऊन झोपते. तू सव्वीसच्या वेगाने तर सायकलसुद्धा चालवली नाहीस. मग हे कोण चालवतंय, कोणासाठी चालवतंय, हे मी भांडी लावता लावता मनात घोळवत होते. आणि मला उरणच्या मावशीकडे जायची ती बस आठवली. आई खिडकीत, मांडीवर आइस्क्रीमचा रिकामा डबा, आणि बाबा उठून उठून ड्रायव्हरला सांगायचे की जरा सावकाश घे. झटका बसला की तिच्या पोटात ढवळायचं. बंद गाडीच्या वासाने तर लगेच. काच खाली कर रं, मना मलमलतंय, असं ती रिक्षातसुद्धा म्हणायची, जिला काचच नसते, आणि आपण दोघं हसून हसून लोळायचो.

एसी बंद, वेग सव्वीस, झटका शून्य. ग्रुपवरचे एवढे हुशार लोक त्याच्यावर डोकं फोडत बसले, आणि तिथे सरळ माझी आई बसलेली होती.

पण आईला तर सीवूडच्या मॉलपर्यंत नेतानाही हातापाया पडावं लागतं. ती दर मंगळवारी चौदा किलोमीटर जाते कुठे? मी तो फोटो मोठा करून बघितला. काचेपलीकडे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची भिंत होती. ती भिंत मला पाठ आहे. बाबा आत ॲडमिट होते तेव्हा मी तिच्याकडे बघत कितीतरी चहा प्यायले आहे. तरीही मी स्वतःला समजावत होते की नसेल, दुसरी असेल, अशा भिंती काय कुठेही असतात. मग एकेक आठवायला लागलं. मंगळवारी फोन केला की प्रिया सांगते, आई देवळात भजनाला गेल्यात. मी येते म्हटलं की तुमच्या घराला रंग चाललेला असतो, नाहीतर प्रियाच्या माहेरी लग्न असतं. व्हिडिओ कॉलवर आई कपाळापर्यंत पदर ओढून बसते. मी विचारलं तर म्हणाली, ऊन लागतंय. घरात, पंख्याखाली, ऊन. आणि मी नव्या नोकरीच्या नादात ते मान्य केलं.

ह्या मंगळवारी मी कॉलेजातून अर्धी सुट्टी घेतली आणि त्या भिंतीसमोर नारळपाण्याच्या गाडीशी जाऊन उभी राहिले. तुझी गाडी आत होती. थोड्या वेळाने तुम्ही तिघं बाहेर आलात. प्रियाने छत्री धरलेली. आईने डोक्याला स्कार्फ बांधलेला, आणि अंगावर माझ्या लग्नातली नव्हे, स्वराजच्या बारशातली निळी साडी, जी आता तिच्याभोवती एक वेढा जास्त फिरतेय. तू तिला सीटवर टेकवलंस, मग खाली वाकून तिचे पाय एकेक करून उचलून आत ठेवलेस. मी पुढे यायला निघाले होते. खरं सांगते, एक पाऊल टाकलंही होतं. पण ती तुझ्याशी काहीतरी बोलून हसली, आणि मला वाटलं की मी आत्ता समोर गेले तर हे हसू जाईल आणि ती चोर पकडल्यासारखी खाली बघेल. मला ते बघायचं नव्हतं. मग तू गाडी बाहेर काढलीस, इतकी हळू की मागचे रिक्षावाले ओरडायला लागले. हॉर्न वाजवणाऱ्याला तू आजपर्यंत कधी सोडलं नाहीस. आणि तू काचेतून हात बाहेर काढून त्यांना म्हणत होतास, जा बाबांनो, पुढे जा. मी तिथे उभी राहून रडले. नारळवाला न विचारता एक नारळ फोडून देऊन गेला.

संध्याकाळी मी प्रियाला फोन लावला. तिला काही बोलू नकोस, मी तिला सोडलंच नाही. तिने सगळं सांगितलं. छातीतली गाठ, कीमो, अजून किती वेळा जायचंय ते, आणि डॉक्टर म्हणतात की वेळेवर आलात. शपथेचंही सांगितलं. नमेला कलवायचा नाय, बापापायी तिनं येक नोकरी घालवली, आता कुटं दुसरी लागलीय, ती माजेपायी नको जायाला. असं म्हणून आईने तुझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला म्हणे. मला तिचा राग येत नाही. तुझा येतो. मी मोठी आहे, ती माझीही आई आहे, आणि माझ्या घरावरून तू तिला दर आठवड्याला नेतोस आणि आणतोस, आणि मला भजनाच्या गोष्टी ऐकवतोस. माझ्या नोकरीचं काय करायचं ते माझं मला ठरवू द्यायचं होतंस. दोन दिवस मी मनात तुझ्याशी इतकं भांडलेय की आता कागदावर लिहायला काही उरलं नाही.

आणि मग गंमत बघ. शपथ पाळलीस, बायकोला गप्प ठेवलंस, बहिणीला फसवलंस, पण नऊचा आकडा काही तुला पोटात ठेवता आला नाही. तो मात्र दर मंगळवारी ग्रुपवर. आधी मला ह्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. तिथे आईला सलाईन लागलंय आणि हा दिवटा स्क्रीनशॉट टाकतोय. पण तुझे ते वाकलेले खांदे बघितल्यापासून वाटतंय की तुला कोणीतरी शाबास म्हणायला हवं होतं. कशासाठी ते सांगता येत नव्हतं, म्हणून तू ॲव्हरेजसाठी म्हणवून घेतलंस. बरं केलंस. नाहीतर मला कधी कळलंच नसतं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. प्रिया म्हणाली की जाताना आई बरी असते, पण परत येताना बेलापूर सोडलं की तिचे हाल होतात, पामबीचवर दोनदा तरी गाडी बाजूला घ्यावी लागते. कुंदन, हॉस्पिटलपासून माझं घर दहा मिनिटांवर आहे. येत्या मंगळवारी तू तिला घेऊन बाहेर पड आणि हायवेला लागू नकोस, सरळ आमच्याकडे ये. मला कळलंय हे तिला सांगू नकोस, शपथ मोडू नकोस. एवढंच सांग की चार्जिंग संपत आलंय, ताईकडे लावायला हवं. तुझ्या जिभेवर हे येणार नाही हे मला ठाऊक आहे, पण म्हण. तिला पटेल. ती पहिल्या दिवसापासून प्रियाला सांगतेय की ही ब्याटरीची गाडी येक दिवस रस्त्यात बसल. स्क्रीनवर काहीही दिसू दे, गाडीत ती चष्मा लावत नाही. दाजींना मी सगळं सांगितलंय. त्यांनी आधी ग्रुपवरचा तो पुलाचा मेसेज काढून टाकला, आणि मंगळवारी आमची गाडी रस्त्यावर लावतील म्हणजे चार्जिंग पॉइंटजवळची जागा तुला मिळेल. हे पाकीटही तेच तुझ्या हातात देतील. सोसायटीने आम्हाला साधा प्लग दिलाय, त्याच्यावर गाडी भरायला रात्र जाते, तेव्हा आईला राहावंच लागेल. नोकरी मी सोडत नाही. कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ आहे, दुपारी घरी येता येतं, आणि सासूबाईंना दिवसभर बोलायला माणूस हवंच आहे. खिडकीजवळची कॉट मी कालच रिकामी केली. आमच्याकडे आल्यावर ती मला काय सांगेल, सांगेल की नाही सांगणार, ते आम्ही मायलेकी बघून घेऊ. सकाळी उठल्यावर ती विचारेल, झाली का गं गाडी चार्ज. मी सांगेन, अजून नाही.

तुझीच,
नमीताई